धाऊचा गुरमाळा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या, सुंदराच्या घरी घडलेली आहे. कडावला. गेल्या मार्गशीर्षात, बुधवारी, टळटळीत दुपारी.

रात्र नव्हती, म्हणूनच जास्त भीती वाटते.

आमच्या लहानपणी भिंती मातीच्या. सारवायला हाताचा तळवा पुरे. आताच्या सुनांना गुळगुळीत भिंत हवी. हवीच की! सुंदराची सून जया बाळंतपणाला माहेरी गेली ती अडूनच बसली. वेगळी खोली झाल्याशिवाय लेकराला आणणार नाही म्हणाली. नातू दोन महिन्यांचा झाला, तरी सुंदरानं त्याला मांडीवर घेतलं नव्हतं.

रविवारी जया येणार होती. एकच भिंत घोटायची राहिली होती.

कशेळ्याच्या साईनाथ गवंड्यानं लाकडी रंध्यानं गिलावा सपाट केला. मग घोटायला नवा गुरमाळा घेतला, मुठीचं सपाट पोलादी पातं. त्याच्या कडा धारदार. फिरवला की ओरखडा उठे. त्यानं तो बाजूला ठेवला नि पिशवीतून जुना काढला. झिजून पापडासारखा पातळ झालेला.

"हा कुणाचा रं?" सुंदरानं विचारलं.

"धाऊकाकाचा. त्याच्यासारखा हात तालुक्यात नाय, मावशी."

सुंदराला धाऊ आठवला. गालात कायम तंबाखू. शेवटचा हात मारताना इतर गवंडी पाणी शिंपडतात. हा मेला... गुरमाळ्यावर थुंकायचा! "थुकीबिगर आरसा येत नाय," म्हणायचा. श्रावणात तो वारला.

"अरे, मेलेल्याचं हत्यार तुमी बाराव्याला नदीत सोडता ना?"

"सोडतात. पन असं झिजलेलं पोलाद पुन्हा मिळंल का? तुमाला रविवारी खोली पायजे ना?"

सुंदरानं पाण्याची बादली पुढं सरकवली. रविवार तिलाही हवा होता.

सर्र... सर्र... भिंत चकाकू लागली.

मग आवाज आला.

पच्...

"घरात थुंकतोस का रं, मेल्या?"

"मी तंबाखू खात नाय, मावशी." साईनाथ पांढराफटक पडला होता.

भिंतीवर तपकिरी ओघळ. आंबूस, किडक्या दातांचा वास...

सुंदरानं फडक्यानं पुसलं. तार सुटली. बोटांना चिकटली... आणि ती कोमट होती.

मोरीवर जाऊन ती भडाभडा ओकली.

गुरुवारी सकाळी सात ओघळ. शुक्रवारी मोजायची हिंमत झाली नाही. फिनेल, लिंबू, सोडा... हातांचा वास काही जाईना. घास तोंडाशी नेला की उमासा यायचा.

शनिवारी साईनाथनं गुरमाळा उल्हास नदीत सोडला. येऊन छिन्नीनं गिलावा काढायला घेतला. पहिला पोपडा पडला... उलटा.

विटेला धरलेली बाजू खरबरीतच असते. तिथं कुणाचं हत्यार पोचत नाही.

ती बाजू घोटलेली होती. आरशासारखी.

आणि ओली.

साईनाथ छिन्नी टाकून निघून गेला. परत आला नाही.

संध्याकाळी जयाचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"आई, उद्या निघू ना? झाली ना खोली?"

सुंदरानं खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. आत कुणी नव्हतं.

सर्र... सर्र...

"नको गं पोरी," ती म्हणाली. "ऱ्हा तिकडंच."

नातू आता बसायला लागलाय म्हणे. "तू तरी तिकडं जाऊन त्याला मांडीवर घेऊन ये," मी तिला सांगते.

ती आपले तळवे हुंगते... आणि पदराला पुसत राहते.