एप्रनने पुसलेला सांधा

"तुमच्याकडे क्रीम गुळगुळीत करायची पट्टी आहे का?"

माझ्या केकच्या क्लासच्या दारात तो उभा होता. हातात तीन पंखांचं रॉकेट, लाटण्याएवढं. शेजारच्या खोलीत मॉडेल रॉकेटचा क्लब भरतो, एवढंच मला ठाऊक होतं.

"रॉकेटला क्रीम लावता?"

"एपॉक्सी. पंख आणि नळीच्या सांध्यात भरायचं, म्हणजे पंख पक्का बसतो. पण माझं नेहमी ओबडधोबड होतं..."

"पट्टी कशाला? बोटं कशाला दिलीत देवाने?" मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात.

त्याने सांधे पॉलिश पेपरने घासून आणले होते. त्यावरची धूळ मला बघवेना. तो एपॉक्सी कालवत होता, तेवढ्यात मी ती धूळ एप्रनने पुसून टाकली. त्याने एपॉक्सी सांध्यात भरलं, मग मी हातमोजा चढवला, बोट स्पिरिटमध्ये बुडवलं आणि एका दमात सांध्यावरून फिरवलं. काय सुरेख गोलाई आली... तो माझ्याकडेच बघत राहिला.

"रॉकेट इकडे आहे," मी म्हटलं.

"हो का?"

रविवारी मी नटूनथटून मैदानावर गेले. हे रॉकेट नीट उडालं, तरच त्याला स्पर्धेच्या संघात जागा मिळणार होती. ते झाडांच्या वर जातंय तोच एक पंख निसटला आणि रॉकेट गिरक्या खात खाली आपटलं.

क्लबच्या काकांनी पंख उचलला. एपॉक्सीची गोलाई अख्खीच्या अख्खी सुटून आली होती. "सांध्याला तेलकट हात लावलास?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "लावला असेल मी, काका."

एप्रन... दिवसभर बटरमध्ये बरबटलेला माझा एप्रन. माझे कान तापले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण त्याने माझ्यासाठी बोलणी खावीत, हे त्याहून सहन होईना.

"त्यांनी नाही, मी. बटरच्या एप्रनने पुसलं," मी सगळ्यांदेखत म्हणाले.

काकांनी तुटका पंख त्याच्या हातात दिला. संघातली जागा गेली ती गेलीच.

मी कडेच्या बाकावर जाऊन बसले. तो मागोमाग आला.

"वर बघा ना."

"नाही जमत... लाज वाटते."

"मला एक सांगायचंय. तोंडाकडे बघूनच सांगायचं ठरवलंय."

"मग राहू दे."

तो सरळ माझ्यासमोर ओल्या गवतात मांडी घालून बसला आणि खालून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "तुम्ही मला आवडता."

मी मान वर केलीच नाही. आता तशी गरजही नव्हती.