रेघेपलीकडच्या चपला

घड्याळजी दारात उभे होते, पण आत येईनात. हातातली टोपी गोल गोल फिरवत ते म्हणाले, "मॅडम, आज संध्याकाळी एका बाईला फासाकडे नेणार आहेत. तिनं काही केलेलं नाही."

मॅडमनी कप खाली ठेवला. दोन देशांच्या कायद्यांची तुलना शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून त्या खासगी तपास करत. शेजारी बसलेले भावोजी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. "तिच्याबरोबर जात जा, तेवढाच डोक्याला व्यायाम," असं म्हणून बायकोनंच त्यांना या कामाला लावलं होतं. भावोजींना गोष्टी उशिरा कळत, पण कागदावर बिनचूक उतरत.

"मी ज्या घरात भाड्यानं राहतो ते सीमेवर आहे," घड्याळजी सांगू लागले. "सीमेजवळ नव्हे, सीमेवरच. घर आधी होतं, देश मागून वेगळे झाले. रेघ घरातून गेली. स्वयंपाकघर तिकडे, दिवाणखाना इकडे. घरमालक म्हातारे, हृदयाचं दुखणं. आज सकाळी सून औषध द्यायला गेली तर ते गेलेले. डॉक्टर म्हणतात, उशीनं तोंड दाबलंय. फौजदार म्हणतात, पलंग रेघेच्या पलीकडे, म्हणजे खून तिकडच्या देशात. सूनही तिकडचीच नागरिक. तिकडचा फौजदार अंधार पडायच्या आत तिला घेऊन जाणार."

"आणि पलंग रेघेच्या अलीकडे असता तर?" भावोजींनी विचारलं.

"तर खटला इथे चालला असता. आपल्याकडे फाशी नाही," मॅडम उठत म्हणाल्या. "चला भावोजी. वही घ्या."

घर लांबूनच दिसलं. काटेरी तार माळावरून दोन्ही बाजूंनी येत होती आणि घराच्या भिंतींना टेकून थांबत होती. छपरावर कावळासुद्धा नव्हता. भावोजींना उगाचच वाटलं, की या घरात मोठ्यानं बोलू नये.

दारात दोन फौजदार होते, एक इकडचा, एक तिकडचा. घरात राहणाऱ्यांकडे घराचा परवाना असे, बाहेरच्यांना दिवसापुरती चिठ्ठी लागे. मॅडमची चिठ्ठी लिहून होईपर्यंत भावोजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरची रेघ ओलांडून आत डोकावले. तिकडच्या फौजदारानं त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना अलगद एक पाऊल मागे आणलं.

"परवान्याशिवाय आलेल्याला आल्या वाटेनं परत पाठवायचं, आजोबा. आमचा कायदा आहे."

"अहो, नुसतं पाऊल तर होतं."

"पाऊल आत की माणूस आत."

म्हाताऱ्याच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आत औषधांचा वास कोंडलेला होता. प्रेत दवाखान्यात हलवलं होतं. चाकांचा लोखंडी पलंग खोलीच्या मधोमध, डोक्याकडची बाजू समोरच्या भिंतीला लावलेली. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाजमासारखं अंथरलेलं हिरवं लिनोलियम, आणि त्यावर दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत ओढलेली पांढरी रेघ. ती पलंगाच्या डाव्या अंगाला लागून जात होती. डावीकडे आपला देश, उजवीकडे तिकडचा. पलंग उजवीकडे होता. पलंगाच्या उजव्या अंगाला म्हाताऱ्याच्या चपला जोडीनं मांडून ठेवल्या होत्या.

"रेघ खात्रीची आहे?" मॅडमनी विचारलं.

"दोन्ही सरकारांच्या मोजणीदारांनी मिळून मारलीय," इकडचा फौजदार म्हणाला. "आधी लाकडी जमिनीवर होती. मालकांनी हे अंथरलं, तेव्हा मोजणीदार पुन्हा आले आणि याच्यावर मारून गेले."

"आणि खालची?"

"ती कोण बघतो, बाई? सरकारी काम."

भावोजी खोलीचं चित्र काढायला बसले. बसता बसता दाराशीच त्यांचा पाय अडखळला. "इथे एखादं कपाट होतं का हो? चार खड्डे पडलेत लिनोलियमला. आणि पलंगाच्या डोक्याखाली बघा, किती झिजलंय. नवलच आहे. तिथे कोण चालतं?"

"काढा, दोन्ही काढा," मॅडम म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

सून स्वयंपाकघरात बसली होती. दारात शिपाई. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली नव्हती, सासऱ्यांचं करत इथेच राहिली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"सकाळी ओरडत बाहेर आले, तेव्हापासून मला त्या खोलीत जाऊ दिलेलं नाही. मामंजींना शेवटचं धड पाहिलंही नाही मी."

"सासरे तुमच्याशी कसे होते?"

"उद्या मला मुलगी म्हणून दत्तक घेणार होते, कोर्टात. इकडच्या कायद्यात विधवा सून कुणीच नसते म्हणे, पण मुलगी झाली की घर तिचं." ती ओढणीनं डोळे पुसत म्हणाली. "फार गमतीचे होते. रोज निजताना म्हणायचे, 'सूनबाई, मी झोपतो या देशात आणि माझ्या चपला त्या देशात. रात्री पळून जायचं झालं तर आधी परदेशी जावं लागेल.' मी रोज हसायचे. रोज तोच विनोद, तरी हसायचे."

भावोजीही हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"किल्ल्या किती आहेत घराच्या?"

"तीन. माझी, घड्याळजींची आणि भावजींची. भावजी म्हणजे मामंजींचे पुतणे. इथेच लहानाचे मोठे झाले, आता शहरात वकिली करतात."

घड्याळजी माडीवर राहत. ते तिकडचेच नागरिक, आणि म्हणून तेही घाबरलेले होते. माडीवर सगळीकडे टिकटिक चालू होती.

"रात्री काही ऐकलंत?"

"चाकं ऐकली. पलंगाचं एक चाक कुरकुरतं, मीच तेल घालतो त्याला. पलंग बाहेर बोळात गेला आणि मग परत आत आला. म्हटलं, मालकांना उकडत असेल. सूनबाई दिवसा उन्हाला नेतात त्यांना तसं."

"रात्री कधी नेतात?"

घड्याळजींनी विचार केला. "नाही. रात्री कधीच नाही."

जिन्यावर भावोजी कुजबुजले, "मग तर सूनच. पलंग ढकलायची सवय तिलाच."

"सवय असलेल्या माणसाला चाकाचा आवाजही माहीत असतो, भावोजी. तो असा भलत्या वेळी होऊ देत नाही."

पुतण्या दिवाणखान्यात काकांच्या खुर्चीत बसला होता. काळा कोट, कडक इस्त्री. मॅडमना पाहताच उठला आणि वाकून नमस्कार केला.

"मॅडम, मी तुमचा विद्यार्थी. ओळखलंत?"

"ओळखलं. कधी आलात?"

"निरोप मिळाल्यावर सकाळी. पण शिपायानं बोळातच अडवलं. शहरात राहायला गेलो तेव्हा घराचा परवाना परत केला ना मी. त्यामुळे काकांच्या खोलीत काही पाऊल टाकता आलं नाही. गेल्या कित्येक महिन्यांत टाकलेलं नाही."

"पलंगाची जागा बदलली होती का कधी?"

"छे. माझ्या लहानपणापासून काकांचा पलंग रेघेच्या पलीकडेच. फौजदारांनाही मी तेच सांगितलं." त्यानं खेदानं मान हलवली. "वहिनीबद्दल वाईट वाटतं. पण कायदा तो कायदा."

"तुमच्याकडेही किल्ली आहे."

"आहे की." तो शांतपणे हसला. "पण माझ्यावर संशय घेऊन उपयोग काय? मी इकडचा नागरिक. आपला देश आपल्या माणसाला परक्याच्या हवाली करत नाही, आणि देशाबाहेर झालेला गुन्हा इथलं कोर्ट चालवत नाही. ही फट तुम्हीच दाखवली होतीत आम्हाला, वर्गात. छान तास होता तो."

 मॅडमचा चेहरा इतका उतरलेला भावोजींनी कधी पाहिला नव्हता. बोळात आल्यावर त्या दोन्ही फौजदारांशी हळू आवाजात बोलल्या, मग भावोजींकडे वळून म्हणाल्या, "बाह्या वर करा. जरा अंगमेहनत आहे."

सूर्य माळावर टेकला तेव्हा सगळ्यांना म्हाताऱ्याच्या खोलीत बोलावलं. या वेळी पुतण्यालाही कुणी अडवलं नाही. दोन्ही फौजदार रेघेच्या दोन अंगांना उभे राहिले.

सून आधी आली. तिनं इकडे तिकडे पाहिलंच नाही. सरळ पलंगाशी गेली, उशीवरून हात फिरवला आणि कडेला टेकून बसली. मागून घड्याळजी आले आणि भिंतीशी उभे राहिले. शेवटी पुतण्या आला. दोन पावलं आत आला आणि त्याची नजर जमिनीवर खिळली.

"हे उलटं घातलंय," तो म्हणाला. "कुणी फिरवलं?"

"काय फिरवलं?" मॅडमनी विचारलं.

"हे… लिनोलियम."

 माडीवरची घड्याळं तेवढी ऐकू येत होती.

"तुम्ही तर या खोलीत महिनोन्‌महिने आला नाहीत," मॅडम म्हणाल्या. "लिनोलियमचं नावही तुमच्यासमोर कुणी काढलं नव्हतं. सूनबाई काल रात्रीपर्यंत रोज इथे वावरल्या, त्यांना काही बदललेलं दिसलं नाही. घड्याळजींनाही नाही. कारण खोली नेहमी जशी असते, तशीच आत्ता आहे. दुपारी मी आणि भावोजींनी, या दोघा साहेबांसमोर, लिनोलियम गुंडाळून पुन्हा सरळ अंथरलं. ज्याला सरळ असलेलं उलटं वाटलं, त्यानंच काल ते उलटं केलं."

रेघ आता पलंगाच्या उजव्या अंगाला होती. पलंग इकडे आणि चपला तिकडे. भावोजींनी एकदा जमिनीकडे आणि एकदा आपल्या वहीतल्या चित्राकडे पाहिलं, आणि उशिरा का होईना, त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"पण मॅडम, तुम्हाला कळलं कधी?"

"तुम्ही अडखळलात तेव्हा शंका आली. ते चार खड्डे पलंगाच्या चाकांचे होते, पण पडले होते दाराशी. लिनोलियम झिजतं दाराशी, ते झिजलं होतं पलंगाच्या डोक्याखाली. म्हणजे ते अर्धं फिरलेलं होतं. रेघ बरोबर मध्यातून जात नाही, एका अंगाला आहे. म्हणून लिनोलियम फिरलं की रेघ उडी मारून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाते. मग सूनबाईंनी सासऱ्यांचा विनोद सांगितला. झोप या देशात, चपला त्या देशात. आल्यावर मी पाहिलं तेव्हा दोन्ही एकाच देशात होतं. आणि ते अंथरायचं तर पलंग आधी बाहेर काढायला हवा. घड्याळजींनी चाकं ऐकली ती तेव्हा."

"हे सगळं अंदाज," पुतण्या म्हणाला. आवाज अजून वकिलाचा होता.

"खालच्या लाकडावर जुनी रेघ आहे, पुसट. दोन्ही साहेबांनी दुपारी पाहिली. तुम्ही दिवा न लावता काम केलंत, तुम्हाला ती दिसली नाही."

तिकडच्या फौजदारानं मान डोलावली.

"आता सांगा, रेघ हलवून भलं कुणाचं?" मॅडम पुढे म्हणाल्या. "सूनबाईंचं? खून तिकडे ठरला की त्यांना फास. घड्याळजी तिकडचेच, त्यांचीही गत तीच. भलं फक्त इकडच्या नागरिकाचं. दत्तक झालं असतं तर घर हातचं जात होतं. म्हणून त्याआधी काका संपवायचे, दोष सुनेवर जाऊ द्यायचा, आणि समजा आपल्यावर आलाच, तर दोन कायद्यांच्या फटीतून निसटायचं. जिथे लहानाचे मोठे झालात, त्या घरातला पलंग कुठे होता हे तुम्ही चुकून विसरला नाहीत. ठरवून खोटं बोललात."

सुनेनं पुतण्याकडे पाहिलं. "त्यांनी तुम्हाला खांद्यावर बसवून वाढवलं होतं, भावजी," ती एवढंच म्हणाली.

इकडचा फौजदार पुढे सरकला. पुतण्या त्याहून चपळ होता. तो पलंगाच्या पायथ्याशी रेघ ओलांडून उजवीकडे, चपलांच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्यानं कोट सारखा केला.

"थांबा. रेघ खरी मानली तर मी आता तिकडे आहे. तुम्हाला इथे पाऊल टाकता येणार नाही. आणि हे तिकडचे साहेब मला कशासाठी धरणार? खून तुमच्या देशात झाला, मी यांचा नागरिक नाही. मला ताब्यात द्या म्हणून यांच्याकडे मागणी अर्ज करा, वर्षानुवर्षं चालू दे. मॅडम, फट अजून तशीच आहे."

इकडचा फौजदार रेघेपाशी थबकला.  सगळं कळून, सगळं सिद्ध होऊन, हा माणूस तीन हातांवरून सुटणार होता.

"त्या विषयाचे दोन तास होते," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्याला तुम्ही गैरहजर होतात."

त्यांनी तिकडच्या फौजदाराकडे पाहिलं. तो आधीच पुतण्याच्या मागे येऊन उभा होता.

"घराचा परवाना?" त्यानं विचारलं.

पुतण्याचा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

"दिवसाची चिठ्ठी?"

हात रिकामाच बाहेर आला.

"परवान्याशिवाय आलेल्याला आल्या वाटेनं परत पाठवायचं. आमचा कायदा आहे," फौजदार म्हणाला आणि पुतण्याच्या पाठीला हात लावून त्यानं त्याला अलगद एक पाऊल पुढे ढकललं. रेघेच्या अलीकडे इकडच्या फौजदाराच्या हातात बेड्या तयार होत्या.

त्याला गाडीत बसवून नेलं. गाडीचा आवाज माळावर विरल्यावर सुनेनं विचारलं, "आता मी त्यांची कोण, मॅडम? दत्तक तर राहूनच गेलं."

"कायद्यानं? तिकडे सून. इकडे कुणी नाही." मॅडमना ते म्हणताना त्रास झाला. "त्यासाठी आपल्याला भांडावं लागेल. मी भांडेन."

सुनेनं मान हलवली. ती उठली, वाकून पलंगाच्या उजव्या अंगाच्या चपला उचलल्या, पदरासारखं ओढणीचं टोक घेऊन त्यांच्यावरची धूळ पुसली आणि रेघ ओलांडून त्या पलंगाखाली ठेवल्या.

"आता कशाला परदेशी," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिला मोकळं रडता आलं.