तापीकाठचा नेम

प्रकाशाजवळ तापीच्या काठी हिवाळ्यात दर रविवारी नेमबाजी क्लबची मंडळी जमायची. कुंभाराच्या मातीच्या चकत्या हवेत उडवायच्या आणि दुनळी बंदुकीने फोडायच्या, हा त्यांचा खेळ. इंद्रसिंग त्या सकाळी पहिल्यांदाच आला. शहाद्याच्या कापूस-जिनवाल्यांचा मुलगा, बडोद्याला शिकून परतलेला, हातात नवी विलायती बंदूक. त्याचा बार झाला... चकती मात्र अलगद वाळूत उतरली.

"बंदूक देखणी शे," मागून अहिराणीत आवाज आला. "फक्त देखाले आनेल शे का?"

निंबाखाली निर्मला उभी होती, क्लब चालवणाऱ्या दलसिंगांची मुलगी. पदर खोचलेला, खांद्याला आजोबांची जुनी दुनळी.

"वारा होता," तो पुस्तकी मराठीत म्हणाला.

"वारा माले बी शे." तिने बंदूक उचलली. पुढच्या चकतीची नुसती लाल धूळ उरली.

मग दर रविवारी त्यांची जुंपू लागली. तिचा बार फुसका गेला, की तो विचारी, "आजोबांच्या बंदुकीला खोकला झाला का?" ती म्हणे, "खोकली तरी तुम्हनीपेक्षा बरी शे." हळूहळू त्याचा नेम सुधारला. तिची नजर मात्र चकतीवरून त्याच्याकडे वळू लागली, आणि ते लपवताना तिचेच कान तापत.

माघात निर्मलाला धरणगावचं स्थळ आलं. घराणं मोठं होतं; अट एकच, सुनेने बंदूक धरायची नाही. होकाराचा नारळ देणं तेवढं बाकी होतं. ही बातमी क्लबात पोचली, त्या रविवारी इंद्रसिंगला एकही चकती फुटेना.

निर्मलाला राग आला. "मुद्दाम हारी ऱ्हायनात का? मन्हावर दया नका करू."

"दया नाही..." त्याने बंदूक खाली केली. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "तू जाई ऱ्हायनी, हाई ऐकं तैपासून नेम लागी नही ऱ्हायना."

तिने बंदूक निंबाला टेकवली. मग सरळ वडिलांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, धरणगावले नही कळावा. मन्हा जीव आठे शे."

दलसिंगांनी लेकीकडे पाहिलं, मग मागे अवघडून उभ्या असलेल्या इंद्रसिंगकडे.

"मन्ही पोर बंदूक सोडाव नही," ते त्याला म्हणाले. "रोज हाराना तयारी शे का?"

"रोज नही," इंद्रसिंग म्हणाला. "मी बी शिकी ऱ्हायनू."

दलसिंग मिशीत हसले. "सांजले तुन्हा बापले घर धाड."

निर्मलाने मान खाली घातली होती, तरी तिचं हसू दिसायचं ते दिसलंच.