माणूस आहे हो

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. मी त्या घरातच होते. मनिलाच्या दक्षिणेला, मिंदोरोजवळचं आमचं बेट... आणि रात्र नव्हती. भरदुपार होती.

*युद्ध संपले आहे.*

डोंगरात लपलेल्या जपानी सैनिकांसाठी विमानातून असे कागद पडायचे. बाबा ते गोळा करून, खळ लावून नारळाच्या खोडांना चिकटवायचे. सरकारी काम. मजकूर जपानी; अर्थ साहेबांनी समजावला होता.

*हा कागद दोन्ही हातांत धरून जवळच्या घरी या.*

भात चोरायला उतरलेल्या त्या सैनिकांनी काकाला गोळी घातली.

बाबांनी काम सोडलं नाही. उलट आमच्या वाटेवर जास्त कागद लावले.

"युद्ध संपलं ना?" आई म्हणाली.

"त्यांचं संपलं असेल. मला कुणी विचारलं?"

*दाराशी 'माणूस आहे हो' अशी हाक मारा.*

आमच्याकडे असंच हाकारतात. म्हणजे आलेलं भूत नाही, हे घरात कळतं. आतून "या वर" म्हटल्याशिवाय कुणी जिना चढत नाही.

तो आला. नुसती हाडं, दोन्ही हातांत कागद. मोडकीतोडकी हाक मारली.

मी तांदूळ निवडत होते.

"या वर," बाबा गोड आवाजात म्हणाले.

कोयता दारामागे होता.

*तुम्हाला कुणीही इजा करणार नाही.*

त्याला केळींखाली पुरलं. पुढच्याच आठवड्यात, दुपारी...

"माणूस आहे हो..."

खाली कुणी नाही. पायरीवर एक कागद. खळ ओली.

तेव्हापासून आमच्या घरात हाकेला ओ द्यायची नाही. शेजारी हाकेऐवजी भिंतीवर खडा मारायचे. "एलिग्योकडे चाललास? खड्यांनी खिसा भरून घे," असं बाबांच्या नावानं गाव हसायचं.

वर्षं गेली. मनिलाहून आलेल्या माझ्या नवऱ्याला हे सगळं खूळ वाटायचं. एका दुपारी हाक आली. मी मागे विहिरीवर; पुढचं त्यानंच सांगितलं.

"दारात आलेल्याला ओ देऊ नये? बरं दिसतं का?" असं पुटपुटत तो म्हणाला, "या वर."

जिना वाजला...

एक पायरी...

खुर्चीत झोपलेले बाबा उठून बसले. काही घ्यावं तसे दोन्ही हात पुढे केले. आणि गेले.

हात तसेच राहिले. शवपेटीतही. तळव्यांना खळ लागली होती... ओली.

आता हाक परत येते. आवाज बाबांचा आहे.

"माणूस आहे हो... पोरी, ओ दे की."

"बाप आहे तुझा," नवरा म्हणतो. "किती दिवस उभा ठेवणार?"

मी तांदूळ निवडत राहते.

आवाज फार गोड आहे. त्या दुपारी "या वर" म्हणताना होता... अगदी तसाच.