हाक मारून निघावं

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान दाराची चौकट उपसून न्यावी लागत नाही. डिंबेश्वरला लागायची. लुइत नदी काठ खात खात परसापर्यंत आली की घर उतरवायचं. खांब, पत्रे, बायकोचा माग, बदकांची टोपली, सगळं नावेत भरायचं आणि पलीकडच्या बांधावर जाऊन तेच घर पुन्हा उभं करायचं. त्याच्या बापानंही हेच केलं होतं. त्या काठावर कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

"डिंबो, तुझ्या घराला आता चाकंच लाव," पत्रे वाहून देणारा शेजारी म्हणाला.

"लावतो. रस्ता तू दे."

हसले दोघं. पण परसाकडं कुणी बघत नव्हतं. तिथं बांबूचं बेट होतं, त्याची मुळं आता पाण्यावर लोंबत होती आणि त्या बांबूंच्या बुडाशी रंगमनला पुरलेलं होतं. डिंबेश्वरचा थोरला. दोन वर्षांचा असताना पुरात तापानं फणफणला. धार अशी होती की नाव घालायला कुणी धजेना, आणि पाणी ओसरायच्या आत पोर गेलं. तोवर सगळं गाव त्याच्या बायकोला, पखिलाला, रंगमनची आई म्हणायचं, डिंबेश्वरही. त्यानंतर ते नाव त्याच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. यंदा मैना झाली, तेव्हापासून ती मैनाची आई.

मैना आता आठ महिन्यांची होती. शेवटच्या खेपेला पखिला तिला घेऊन नावेत बसली, तेव्हा सासूनं काठावरून बजावलं. सुनेला ती बोवारी म्हणे. म्हातारी ओझ्यामुळं मागून शेजाऱ्याच्या नावेनं येणार होती.

"बोवारी, तान्हं घेऊन घर सोडताना हाक मारून निघावं. तान्ह्याचा जीव सैल असतो, खेळत मागं राहतो. नाव घे आणि चल म्हण. मांडीवर आहे तिचंच नाव घे. दुसरं नको."

"बरं, मा."

"मांडी एकच असते, बोवारी."

पखिलानं मान हलवली. डिंबेश्वर नावेच्या मागच्या टोकाला बांबू रोवून उभा होता. "मैना, चल," ती म्हणाली, "घरी जाऊ." मग तिनं पोरीच्या डोक्यावर तोंड टेकवलं आणि अगदी हळू म्हणाली, "रंगमन, तूही चल रे."

डिंबेश्वरनं ऐकलं. त्यानं तिला तिथंच थांबवायला हवं होतं. पण बापाचं काळीज काही दगडाचं नसतं. पोराला नदीच्या तोंडी देऊन जायचं त्याच्याही जिवावर आलं होतं, म्हणून त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जन्म नावेवर गेलेला माणूस तो, ओझं त्याला तळपायाला कळायचं. त्या क्षणी नाव एकदा दबली आणि लगेच होती तशी वर आली. कुणीतरी चढलं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याला भीती वाटली नाही. बरं वाटलं.

बांधावर घर उभं राहिलं. पखिला मागावर बसून गाणं म्हणू लागली. किती वर्षांनी म्हणत होती. जेवायला बसली की एक छोटी वाटी जास्तीची मांडायची. डिंबेश्वर ती वाटी बघायचा आणि मुकाट जेवायचा.

मैना मात्र रडेनाशी झाली. शेजारणी म्हणाल्या, गुणाची गं पोर. पण गुणाची पोर दूध प्यायला नको का? छातीशी धरलं की ती तोंड फिरवायची, मोठं झालेलं मूल लाजून फिरवतं तसं. पखिलाचा पदर दुधानं ओला होई आणि पोर हात करायची गूळ-पोह्यांकडं. रंगमनचा जीव होता गूळ-पोह्यांवर. तिला ते पचायचे नाहीत. पोट ढाळायचं, मनगटं काड्यांसारखी झाली. दवाखान्यातल्या बाईंनी तपासलं, औषध दिलं, म्हणाल्या, काही दिसत तर नाही. झोप आली की मैना स्वतःची कानाची पाळी चोळू लागली. ही खोड कुणाची ते घरात तिघांनाही ठाऊक होतं.

एका दुपारी डिंबेश्वर जाळं विणत बसला होता. पोर चटईवर पाठमोरी.

"मैना," त्यानं हाक मारली. "मैना गं..."

ती हलली नाही. बाहेर वाजलेल्या पत्र्याकडं मात्र तिनं पाहिलं, म्हणजे कान धड होते. डिंबेश्वरनं जाळं बाजूला ठेवलं. त्यानं ओठांतल्या ओठांत म्हटलं, "रंगमन..."

पोर वळली. दोन दातांनी त्याच्याकडं बघून ओळखीचं हसली.

म्हातारी दारात उभी होती. तिनं सुनेला मागावरून उठवलं. "निघताना कुणाचं नाव घेतलंस?"

पखिलानं मैनाला मांडीवर ओढलं. "दोघांचं," ती म्हणाली. "नदीत एकटा कसा सोडू त्याला, मा? त्याला पाण्याची भीती वाटायची..."

म्हातारी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सुनेजवळ बसली. "माया आहे ती, बोवारी. पण मांडी एकच होती. तो चढला, ती उतरली."

"मग मैना..."

"तिथंच आहे, त्या काठावर. काठ पडायच्या आत जा. तिचं नाव घेऊन बोलाव. आणि त्याला तूच उतरव. दुसऱ्या कुणाचं तो ऐकायचा नाही."

डिंबेश्वरला नाव दबल्याचं आठवलं, आणि लगेच वर आल्याचंही. तेव्हा त्यानं अर्धंच ओळखलं होतं.

सकाळी निघाले तेव्हा नदीवर धुकं असं होतं की स्वतःचा बांबू दिसेना. जुना काठ आधी वासानं कळला, ओल्या उकरलेल्या मातीच्या. वर घराचा मोकळा ओटा, खांबांचे खड्डे. बांबूचं बेट निम्मं पाण्यात गेलेलं. धार नावेला ओढत होती, नाव सोडून त्याला वर जाता येईना. पखिला पोरीला घेऊन एकटीच चढली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

"मैना, चल... आई आली बघ..."

मग काही नाही. पाण्यात मातीची ढेकळं पडत होती तेवढाच आवाज.

"रंगमन, उतर राजा... शहाणा ना माझा? ती लहान आहे..."

डिंबेश्वरनं कान दिले. पखिला थांबून थांबून बोलत होती, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी. दुसरा आवाज मात्र त्याला येत नव्हता.

"नाही रे... रडू नको... नाही ठेवत एकटा, म्हटलं ना..."

"पखिला," तो ओरडला, "काठ सुटतोय. ये."

आणि तेवढ्यात मैना रडली. भुकेचं, हक्काचं रडणं, घर डोक्यावर घेणारं. पखिला धुक्यातून खाली आली, नावेत बसली आणि तिनं पोरीला छातीशी घेतलं. पोर अधाशासारखी पिऊ लागली.

"मैना," त्यानं हाक मारली. पोरीनं पिता पिता डोळे वळवून बापाकडं पाहिलं. डिंबेश्वरला रडू आवरेना. त्यानं खांद्यावरच्या गामोशानं तोंड पुसलं आणि नाव लोटली.

नाव भलतीच हलकी चालली. धार उलटी असूनही एकट्यानं मासे धरायला निघावं तशी. त्याला वाटलं, मनावरचा भार उतरला की हातही हलके होतात. नदीच्या मध्यावर आले तेव्हा मागं धडाड्ड आवाज झाला आणि लाट येऊन नाव उचलली गेली. ओटा, बांबू, सगळा काठ नदीत गेला होता. त्यानं वळून पाहिलं. पखिलानं पाहिलं नाही. मोठ्या मनाची बाई, तो मनात म्हणाला.

म्हातारी बांधावर वाट बघत होती. तिनं मैनाला हाक मारली, पोर वळली, म्हातारीनं तिची दृष्ट काढली. पखिला आत जाऊन चटईवर बसली आणि पुन्हा तिला पाजू लागली. एक हात पोरीला थोपटत होता.

"बोवारी, लाल चहा टाकलाय. घे घोटभर."

पखिला थोपटत राहिली.

"बोवारी..." म्हातारीचा आवाज बदलला. तिनं लेकाकडं पाहिलं.

"मैनाची आई," डिंबेश्वर म्हणाला. मग जवळ जाऊन, "पखिला." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. अंग ऊन होतं, श्वास चालू होता, दूध होतं. डोळे उघडे होते. ती वळली नाही.

म्हातारीनं लेकाचा हात धरला. "काठ?" तिनं विचारलं.

"पडला."

मग इतकी वर्षं न उच्चारलेलं नाव डिंबेश्वरच्या तोंडी आलं. ते घेऊ नये असं त्याला वाटत होतं. तरी त्यानं घेतलं.

"रंगमनची आई..."

चटईवरच्या बाईचा हात थोपटत राहिला, एका लयीत.

"ओ..." बाहेरून, नदीच्या मध्यातून, जिथं आता नुसतं पाणी होतं तिथून पखिलानं ओ दिली.

मैनानं दूध सोडलं आणि दाराकडं पाहिलं.