न वाजणारी चकती

"ताई, तू नुसत्या थापा मारतेस! इथे तर नुसती वाळू आहे!" शेंगदाणा ओरडला.

ओहोटीच्या पाण्यात तिघं गुडघाभर उभी होती. ताई, तिचा धाकटा भाऊ शेंगदाणा, आणि मामेबहीण. तिला वाद घालायची भारी हौस, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत.

ताईनं पुन्हा पायानं वाळू चाचपली. मागच्या सुट्टीत इथेच बाबांनी तिला जिवंत सँड डॉलर, म्हणजे वाळूत राहणारे समुद्री जीव, दाखवले होते. शेकडो! बिस्किटाएवढे चपटे, जांभळट तपकिरी. अंगावर मखमलीसारखे बारीक काटे, आणि पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल. काही तर फडताळातल्या ताटल्यांसारखे वाळूत उभे.

"प्रवाहातून वाहत येणारं खाणं ते असे उभे राहून पकडतात," बाबा म्हणाले होते. "पुढच्या सुट्टीत शेंगदाण्यालाही दाखवू."

पुढची सुट्टी आली. बाबा त्याआधीच गेले. तो शब्द तरी पाळायचा, असं ताईनं मनाशी ठरवलं होतं.

"वादळ नाही, काही नाही, मग गेले कुठे?" वकीलबाईनं कमरेवर हात ठेवले. "पुरावा शोधला पाहिजे!"

मामांना विचारलं, तर ते मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "असतील इकडेतिकडे. शिंपल्यांची कसली एवढी चौकशी?"

पुरावा बाजारात सापडला. शंख-शिंपल्यांच्या दुकानात टोपलीभर पांढरेशुभ्र सँड डॉलर मांडले होते.

"ओहोटीला वाळूत सापडतात," दुकानदारकाका कौतुकानं म्हणाले. "घ्या, घ्या!"

ताईनं एक उचलून कानाशी हलवला. मग खिशातल्या रुमालातून दुसरा काढला. बाबांच्या टेबलावरचा. तो हलवला, तर आत बारीक खुळखुळलं.

"हे त्याचे दात," ती बाहेर येऊन कुजबुजली. "तो मेला की काटे झडतात, आतलं सगळं सुकतं, दात सुटे होतात आणि असे वाजतात. दुकानातला वाजत नाहीये. म्हणजे आतलं अजून सुकलेलंच नाही!"

"म्हणजे..." शेंगदाण्याचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे परवापर्यंत तो जिवंत होता."

दुकानामागे एका टबात पांढऱ्या पडत चाललेल्या चकत्या बुडवून ठेवल्या होत्या. ब्लीचच्या वासानं डोळे चुरचुरले. शेजारी समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या, आणि त्यांत तपकिरी चकत्या!

"वकीलबाई, काकांना बोलण्यात गुंतव!"

"ते काय सांगायला हवं?" म्हणत ती आत गेली. "काका, बहुतेक शंख एकाच बाजूला का वळलेले असतात? कारण द्या!"

काका कारण शोधेपर्यंत ताईनं गल्ल्याशेजारी काचेचा वाडगा ठेवला. त्यात वाळू, समुद्राचं पाणी आणि बादलीतला एक सँड डॉलर. गिऱ्हाइकं जमली. बराच वेळ काहीच झालं नाही.

"झालं का नाटक?" काका वैतागले.

"अहो, थांबा! बघा!" एक बाई ओरडल्या.

चकतीची कड हळूहळू वाळूत शिरत होती. काटे लाटेसारखे हलत होते. त्या बाईंनी हातातली पांढरी चकती अलगद टोपलीत परत ठेवली.

"पण हे तर कधी हलत नाहीत!" काकांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मेलेलेच आहेत आणि वर शेवाळ चढलंय. रोज घासून काढतो मी ते."

"ते शेवाळ नाही, काका. काटे आहेत. त्यांवरच ते चालतात."

काका मटकन स्टुलावर बसले. "आणि टबातले?"

ताईनं नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळच्या ओहोटीला एक बादली काकांनी उचलली, दुसरी मामांनी. एकेक चकती हलक्या हातानं वाळूवर ठेवली. शेंगदाणा पाण्याला नाक लावून बसला होता.

"ताई, एक उभा राहिला! खरंच ताटलीसारखा!"

"शाब्बास, पोरांनो! माझ्या नाकासमोर होतं, तरी मला दिसलं नाही," मामा म्हणाले. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "अगदी वडिलांवर गेलीस."

ताईनं खिशातला रुमाल बाहेर काढला.

"बाबांचापण सोडू या?" शेंगदाण्यानं विचारलं. "पाण्यात गेला की जिवंत होईल?"

"नाही रे." तिनं रुमाल उलगडला आणि ती पांढरी चकती त्याच्या कानाशी हलवली.

तो श्वास रोखून ऐकत राहिला.

"परत वाजव," तो म्हणाला.