दुसऱ्या व्यक्तीचं संमतीपत्र

माझा सगळ्यात जास्त विकला गेलेला फोटो एका तुटक्या कडीच्या बादलीचा आहे. लोकांना सांगितलं की हसतात. मीही हसायचे.

मी फोटो काढते आणि फोटो विकणाऱ्या एका साइटवर टाकते. कुणाला विम्याच्या जाहिरातीसाठी, दवाखान्याच्या पत्रकासाठी, मासिकाच्या कोपऱ्यासाठी फोटो हवा असला की तो दोन-चार शब्द टाकून शोधतो, आवडला तर थोडक्या पैशांत घेतो, आणि त्यातला चतकोर माझ्या खात्यात पडतो. कुणी घेतला ते आम्हाला कळत नाही. कोणते शब्द टाकून शोधला, एवढं मात्र महिन्याच्या अहवालात दिसतं. या विक्रीला ना शेंडा ना बुडखा. एका महिन्यात बादली दोनशे वेळा गेली, पुढच्या महिन्यात तिला कुत्रं विचारेना. फुलदाणीवर मी तीन दिवस घालवले होते, ती आजतागायत एकदाही गेलेली नाही.

आमच्या इमारतीत खाली छापखाना आहे. तिथले काका असे फोटो विकत घेणाऱ्यांपैकीच. एकदा त्यांच्याकडे रडगाणं गायले, तर म्हणाले, "हसऱ्या बाया, हात मिळवणारे कोटवाले, लॅपटॉपशेजारी कॉफीचा कप... लाखांनी पडलेत. त्यात तू आणखी एक टाकून काय होणार? कुणी काढत नाही ते काढ. परवा मला एकटी जेवणारी म्हातारी बाई हवी होती. मिळाल्या सगळ्या खिदळणाऱ्या. ताटातल्या काकडीकडे बघून कोण एवढं हसतं, सांग बरं?"

एकटी जेवणारी म्हातारी बाई माझ्या घरात होती. फक्त ती जेवत नव्हती.

बाबा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. त्यांनी नोंदणी कार्यालयात अडतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले. अर्जातला एकही रकाना त्यांना रिकामा बघवत नसे. सांगण्यासारखं काही नसेल तिथे 'निरंक' आणि जे वरच्या कागदावर आधीच आलेलं असेल तिथे 'वरीलप्रमाणे'. घरीही तेच. माझ्या प्रगतिपुस्तकात 'पालकांचा अभिप्राय' या रकान्यात दरवर्षी 'निरंक' असायचं, आणि बाई मला बाजूला घेऊन विचारायच्या, घरी काही भांडण झालंय का गं?

ते गेल्यावर आई टेबलाशी यायची बंद झाली. पलंगाच्या कडेला बसून दोन घास खायची आणि ताट खाली ठेवायची. सात महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, "तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत. त्यांनी जेवायचं मनावर घेतलं पाहिजे." मनावर घेणं कुठल्या दुकानात मिळतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मला भीती वाटत होती. दुसरी आई मला कुठून मिळणार होती?

"आई, माझ्या कामासाठी जरा टेबलाशी बसशील का?"

"माझं काय बघायचंय लोकांनी?"

"कामाचं आहे म्हणून विचारते."

कामाचं म्हटल्यावर उठली. कामाला नाही म्हणणं तिला जन्मात जमलेलं नाही.

ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो विकायचा तर त्याचं संमतीपत्र लागतं. आईचं मी भरलं, ओळीवर तिचं बोट टेकवून सही घेतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे सही निम्मी ओळीबाहेर गेली. 'संमतीची मुदत' हा रकाना मी रिकामा सोडला. रिकामा म्हणजे कायमची, असा साइटचा नियम आहे.

आमच्या कामात आणखी एक शिस्त असते. माणूस मधोमध बसवायचा नाही. फोटोचा तिसरा हिस्सा मोकळा सोडायचा, कारण घेणारा तिथे आपला मजकूर छापतो. सकाळी दहाला खिडकीतून येणाऱ्या उजेडामुळे आईला डावीकडे बसवणं भाग होतं, म्हणून मोकळी जागा उजवीकडे आली. बाबांची खुर्ची तिथेच असायची. तिची पाठ मोडलेली, म्हणून ती मी आधीच काढून टाकली होती. फोटोत उरली नुसती पिवळसर भिंत आणि टेबलाचा कोपरा.

खोटं खाणं फोटोत लगेच ओळखू येतं. म्हणून आईला खरंच खावं लागायचं. पहिल्या दिवशी तिने अर्धा टोस्ट खाल्ला. आठवड्याने दोन. तिसऱ्या आठवड्यात मी कॅमेरा बंद केल्यावरही ती सफरचंदाच्या फोडी खात बसली होती, जराशी उजवीकडे वळून. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले.

आणि फोटो विकले जायला लागले. रोज. न हसणारी, गुपचूप खाणारी म्हातारी बाई जगात किती जणांना हवी होती कोण जाणे.

महिन्याचा अहवाल आला. फोटो कोणत्या शब्दांनी शोधले गेले त्याची यादी होती. 'वयस्कर जोडपं'. 'नवरा-बायको नाश्ता करताना'. 'दोघं'.

मला वाटलं, चूक माझीच. प्रत्येक फोटोला शोधशब्द द्यावे लागतात आणि कंटाळा आला की मी आधीच्या फोटोचे उचलून चिकटवते. एकदा कोबीच्या गड्ड्याला 'वकील' आणि 'न्यायालय' चिकटून गेले होते. तो कोबी सहा वेळा विकला गेला. या वेळी मी एकेक फोटो उघडून पाहिला. 'आई', 'एकटी', 'खिडकी', 'सकाळ'. जोडपं कुठेच नव्हतं.

पुढचे नऊ फोटो साइटने नाकारले. सगळ्यांना कारण एकच: चित्रातल्या दुसऱ्या व्यक्तीचं संमतीपत्र जोडलेलं नाही.

मी फोटो मोठा करून भिंत इंच इंच तपासली. पोपडे दिसले. एक जुना खिळा दिसला. मी तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, फेरतपासणी झाली आहे, निर्णय कायम आहे. काका म्हणाले, "अगं, यंत्र तपासतं ते. त्याला पोपडा म्हणजे माणसाचं नाक वाटत असेल. कापून टाक तेवढा भाग."

पटलं मला. नऊच्या नऊ फोटोंची उजवी बाजू कापली. हात चालूच होता, म्हणून विकले जाणारे जुनेही तसेच कापून बदलून टाकले. आईला यातलं काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं होतंच काय? संध्याकाळपर्यंत सगळे मंजूर झाले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी आई पलंगावरून उठली नाही.

"चल ना आई. उजेड जाईल."

"आज हे नाहीत."

"दात? वाटीत आहेत बघ, मीच धुऊन ठेवलेत."

"दात नाही गं चिमे. हे."

बाबांचं नाव तिने कधी घेतलं नाही. आयुष्यभर 'हे'. मी कवळीची वाटी परत खाली ठेवली.

"बसायला जागाच ठेवली नाही, म्हणाले."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चमचाभर दूध. चौथ्या दिवशी तिला आधार देऊन न्हाणीघरात नेताना माझ्या हाताला तिची बरगडी न् बरगडी लागली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. मी कॉम्प्युटर उघडला आणि कापलेले सगळे फोटो जसे होते तसे परत चढवले. तासाभरात साइटने सगळे अडवून ठेवले. दुसऱ्या व्यक्तीचं संमतीपत्र येईपर्यंत.

मी आईच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. जागा मीच कापली होती, आता परत दिलीय, पण ते लोक दुसऱ्या माणसाची सही मागताहेत.

आई कितीतरी दिवसांनी हसली. "एवढंच ना? मग फॉर्म ठेव टेबलावर. ह्यांना फॉर्मचा कंटाळा कधी होता?"

मी कोरा फॉर्म छापला. नमुन्यासाठी आईचा भरलेला फॉर्म त्याच्या वर ठेवला, शेजारी पेन ठेवलं, आणि स्वतःलाच वेड्यात काढत भाजी आणायला गेले. दुपारचे बारा वाजले होते. पाऊण तासाने परत आले तर आई टेबलाशी बसून ब्रेड खात होती.

फॉर्म भरलेला होता.

बारीक, उभट अक्षर. नाव बाबांचं. जन्मतारीख बरोबर. पत्ता: वरीलप्रमाणे. मोबाइल क्रमांक: निरंक. ईमेल: निरंक. अनुस्वाराच्या जागी ते टिंब न देता बारीकसं वर्तुळ काढायचे. ते वर्तुळ होतं. आईने लिहिलं म्हणावं, तर तिला पेनाचं टोकही दिसत नाही.

शेवटी साक्षीदाराची जागा होती. 'वरील सही माझ्यासमोर झाली.'

"तू कर," आई म्हणाली. "मला ओळ दिसत नाही."

मी केली. आयुष्यात पहिल्यांदा खोट्या कागदावर सही केली, की खऱ्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सही करताना मुदतीचा रकाना दिसला. तिथे निरंक नव्हतं. तारीख होती. अकरा महिन्यांनंतरची, एका बुधवारची.

फॉर्म जोडला, फोटो दहा मिनिटांत मंजूर झाले. व्यक्ती: दोन.

अकरा महिने आम्ही रोज सकाळी दहाला बसलो. विक्री वर गेली, खाली आली, परत वर गेली. मी बघणं सोडलं. आईचं वजन भरून आलं. गाल वर आले. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "यांना काय झालंय? माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत." आई म्हणाली, "मग तुम्ही पण वेळेवर जेवत जा." फार चांगले दिवस होते ते.

पण ती तारीख माझ्या डोक्यातून जात नव्हती. बाबांचं येणं तेवढ्यापुरतंच असेल, आणि त्या बुधवारनंतर आईने परत ताट खाली ठेवलं तर?

आज मंगळवार आहे.

सकाळी आईला काही न सांगता मी टेबलावर एक कोरा फॉर्म ठेवला. मुदतवाढीसाठी. पेन ठेवलं. तासभर गॅलरीत कपडे वाळत घातले, परत परत झटकले.

आत आले. फॉर्म होता तिथेच होता. कोरा. एकही रकाना भरलेला नाही, साधं निरंकसुद्धा नाही.

"उचल तो," आई म्हणाली. तिने सगळी बशी संपवली होती. "नको म्हणाले. लागणार नाही."

"का?"

ती उजवीकडे वळून बघत होती, कुणाचं तरी बोलणं पुरं व्हायची वाट बघावी तशी. मग म्हणाली, "चिमे, उद्या जागा जरा जास्त सोड हं."

"किती?"

"दोघांपुरती."

मी खोलीत आले आणि कपाटातली फाइल काढली. वर बाबांचा फॉर्म, त्याच्याखाली आईचा. बाबांचा मी बाजूला केला.

आईच्या फॉर्मवर मुदतीचा रकाना मी रिकामा सोडला होता, हे मला पक्कं आठवतं.

तो आता रिकामा नाही. बारीक, उभट अक्षरात तिथे एकच शब्द आहे.

वरीलप्रमाणे.